एक डाव, आठ तऱ्हांचे खेळाडू: रोलप्लेइंग गेममध्ये सगळ्यांना खेळवायचं कसं?

समजा, गणपतीची सुट्टी आहे. पोलादपूर तालुक्यातलं एक घर. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेली चाकरमानी मंडळी गावी आली आहेत. रात्रीची आरती झाली, जेवणं उरकली आणि बाहेर पाऊस धरून बसलाय. एरवी अशा वेळी पत्त्यांचा डाव पडतो. यंदा मात्र थोरल्या ताईने पुण्याहून येताना एक नवा खेळ आणलाय. पाच भावंडं सतरंजीवर गोल करून बसतात, ताई गोष्ट सांगायला लागते आणि खेळ सुरू होतो.

पहिली वीस मिनिटं धमाल येते. मग एकाला दर दोन मिनिटांनी तलवार उपसायची असते. दुसरी गोष्टीतल्या चौकीदाराशी गप्पा मारत बसते. तिसरा कागदावर आकडेमोड करत राहतो. चौथा "बघू काय होतं" म्हणत सगळ्यांच्या बैलांचे कासरे सोडून देतो. पाचवी मोबाईलमध्ये डोकं घालून बसते. तासाभराने कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, पत्तेच काढा."

यात चूक कुणाची? खरं सांगायचं तर कुणाचीच नाही. पाचही जणांना खेळायचं होतं, पण प्रत्येकाच्या डोक्यातला खेळ वेगळा होता आणि हे आधी कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणारे बहुतेक गट कधी ना कधी याच जागी अडखळतात. त्यातून बाहेर कसं पडायचं, ते समजून घेऊया.

हा खेळ नेमका असतो काय?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे थोडक्यात टीटीआरपीजी. यातला सगळ्यात गाजलेला खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो १९७४ मध्ये आणला. 'स्ट्रेंजर थिंग्ज' या वेबसिरीजमधली पोरं तळघरात बसून जो खेळ खेळतात, तो हाच.

यात एक जण गेम मास्टर असतो. तो जग उभं करतो, प्रसंग सांगतो आणि वाटेत भेटणाऱ्या बाकी सगळ्या माणसांच्या वतीने बोलतो. उरलेले खेळाडू एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करेल ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. समजा, भिजलेल्या कड्यावरून चढायचंय. गेम मास्टर १२ आकडा ठरवतो. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो आणि त्यात आपल्या पात्राच्या चपळाईचे गुण मिळवतो. बेरीज १२ किंवा जास्त आली तर चढला, नाहीतर घसरला. असा फासा गावात मिळाला नाही, तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकूनही काम भागतं.

मराठी माणसाला हे अगदीच परकं वाटायला नको. तळकोकणातल्या दशावतारात पाठ करायची छापील संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. टीटीआरपीजीतही असंच काहीसं होतं. फरक इतकाच की इथे प्रेक्षक नसतात. जे खेळतात, त्यांनाच मजा आली पाहिजे. त्यामुळे एक जण जरी कंटाळला, तरी तो उठून जाणारा प्रेक्षक नसतो, गोष्टीतलं एक पात्रच रिकामं होतं.

खेळाडूंच्या तऱ्हा कुणी मांडल्या?

ही अडचण खेळाइतकीच जुनी आहे. १९८० मध्ये ग्लेन ब्लॅको यांनी 'डिफरंट वर्ल्ड्स' या मासिकात लेख लिहून खेळण्याच्या चार पद्धती वेगळ्या काढल्या: पात्र जगणारे, गोष्ट रचणारे, ताकद वाढवणारे आणि युद्धाचे डावपेच लढवणारे. १९९६ मध्ये रिचर्ड बार्टल यांनी संगणकावरच्या बहुखेळाडू खेळांसाठी चार गट मांडले. त्यासाठी त्यांनी पत्त्यांतल्या बदाम, किल्वर, चौकट आणि इस्पिक या चार रंगांची नावं वापरली. २००२ मध्ये रॉबिन लॉज यांनी गेम मास्टरसाठी छोटेखानी पुस्तक लिहिलं, त्यात सात तऱ्हा आहेत. २०१४ च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या गेम मास्टर मार्गदर्शिकेतही खेळाडूंना काय काय आवडतं, याची सात कलमं दिलेली आहेत.

नावं वेगळी असली तरी मुद्दा एकच आहे. लोक हा खेळ वेगवेगळ्या कारणांसाठी खेळतात आणि ती सगळीच कारणं रास्त आहेत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. ही माणसांची जातकुळी नव्हे. एकच माणूस आज लढाईच्या मूडमध्ये असतो, तर उद्या नुसता शांत बसतो. अनेकांच्यात दोन-तीन तऱ्हांची सरमिसळ असते. तेव्हा "तू या प्रकारातला" असा शिक्का मारण्यापेक्षा "आत्ता याला काय हवंय" हे ओळखायला या याद्या वापरायच्या.

उदाहरणासाठी एक गोष्ट: महाडचं मीठ आणि पार घाट

नुसत्या व्याख्यांनी हे कळत नाही. म्हणून ताईने मांडलेली गोष्टच घेऊ.

साल १६५५. पावसाळा सरत आलाय. महाड हे तेव्हा सावित्री नदीवरचं बंदर. बाणकोटच्या खाडीतून माल वर यायचा आणि पोलादपूरमार्गे पार घाट चढून देशावर वाईकडे जायचा. मधला सगळा मुलूख जावळीचा. तिथे आदिलशाहीकडून 'चंद्रराव' हा किताब मिळालेल्या मोऱ्यांचा अंमल. पुढच्याच वर्षी, जानेवारी १६५६ मध्ये, शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. मोरे रायरीवर गेले, त्यानंतर रायरीही स्वराज्यात आली. हीच रायरी पुढे रायगड म्हणून राजधानी झाली. पण आपल्या गोष्टीत हे सगळं अजून घडायचंय. हवेत फक्त कुजबुज आहे.

आता कल्पनेचा भाग. मिठाच्या गोणी लादलेल्या बैलांचा एक तांडा घाटाकडे निघालाय. खेळाडू म्हणजे तांड्यातली साधी माणसं: बैल हाकणारा, राखणदार, जडीबुटी जाणणारी वैदू बाई, हिशेब ठेवणारा कारकून आणि वाटाड्या. एका गोणीत कुणाचं तरी लाखबंद पत्र दडवलंय. पार गाव जवळ आलंय, दिवस कलतोय आणि वाटेत चौकी लागते. चौकीदार म्हणतो, "गोणी सोडा."

प्रसंग एकच, पण तो आठ प्रकारच्या खेळाडूंना आठ वेगळ्या गोष्टी देऊ शकतो. कसं ते पाहा.

१. लढवय्या

याला हाणामारी हवी असते. दिवसभर ऑफिसात "येस सर" केलेल्या माणसाला इथे तरी दोन हात करू द्या. गेम मास्टर सहसा चूक करतो ती लढाई टाळण्याची. त्याऐवजी ती लवकर आणि आटोपशीर द्यावी. चौकीवर पोचण्याआधीच बैलांवर बिबट्याने झडप घातली आणि राखणदाराने भाला उचलला, की याची भूक थोडी भागते. मग पुढची बोलणी तो निवांत ऐकतो.

२. हिशेबी

नियमांचं पुस्तक याला तोंडपाठ असतं. कुठले गुण कुठे लावले तर जास्तीत जास्त फायदा होईल, हे तो झोपेतही सांगेल. बाकीचे वैतागतात, कारण याच्या पात्रापुढे त्यांची पात्रं फिकी पडतात. म्हणून मुद्दाम त्याचं खच्चीकरण करू नका. त्याने मेहनत केलीय, तिचं चीज होऊ द्या. कारकुनाने जकातीचा हिशेब करून चौकीदाराची चूक पकडली, तर तो त्याचा क्षण. फक्त पुढचा अडसर असा ठेवा, की तिथे त्याचे आकडे चालणार नाहीत आणि वैदू बाईचंच काम पडेल.

३. नाटकी

पात्राच्या आवाजात बोलणारी, पात्र रुसलं तर स्वतः रुसणारी. हिला बोलायला माणसं द्या. चौकीदाराला एक कारण द्या: घरी तापाने फणफणलेली मुलगी आहे, त्यामुळे त्यालाही लवकर सुटका हवीय. एवढ्या एका ओळीवर ही अर्धा तास रंगवेल. तो अर्धा तास बाकीच्यांनी नुसतं बघत बसू नये, एवढी काळजी मात्र घ्यायची. रंगात आलेला संवाद योग्य जागी तोडून "तेवढ्यात मागे बैलांपाशी काय चाललंय?" असं विचारलं, तर तो अपमान होत नाही.

४. भटक्या

"ती पायवाट कुठे जाते?" हा याचा आवडता प्रश्न. याच्यासाठी महाड-पोलादपूर म्हणजे मेजवानीच. ढवळे गावाजवळचा चंद्रगड, तिथून महाबळेश्वरकडे चढणारी अवघड घाटवाट, कांगोरी म्हणजेच मंगळगड, दाट देवराया. एका कागदावर कच्चा नकाशा काढून समोर ठेवा आणि त्यात दोन जागा कोऱ्या सोडा. चौकीला वळसा घालणारी चोरवाट यालाच सापडू द्या. फक्त त्या वाटेने जाण्याची किंमत असावी, कारण रात्रीच्या अंधारात बैल तिथून जाणार नाहीत.

५. डोकेबाज

याला कोडं हवं असतं. गोणी न उघडता पुढे जायचं कसं? गेम मास्टरने मनात एकच उत्तर धरून ठेवलं, तर इथे खेळ अडतो. चौकीदाराला बोलण्यात गुंतवणं, पत्र दुसऱ्या गोणीत हलवणं, उलट आपणच तक्रार नोंदवणं, पटण्याजोगा कुठलाही उपाय चालू द्या. याचा धोका एकच, बेत आखता आखता तास जातो. त्यावर इलाज म्हणजे घड्याळ. "सूर्य डोंगराआड चाललाय, पाच मिनिटांत ठरवा."

६. काडीबाज

बैलांचे कासरे सोडणारा तो हाच. याला वाईट म्हणायची घाई करू नका. सगळे विचारात अडकलेले असताना खेळ पुढे ढकलणारा हाच असतो. गोणी खुशाल उघडून "घ्या, बघा" म्हणेल आणि गोष्टीत जान आणेल. याला काडी घालायला जागा द्या, पण एक नियम ठेवा: ज्या खोडीची किंमत दुसऱ्याच्या पात्राला मोजावी लागणार आहे, ती करण्याआधी त्या खेळाडूला विचारायचं. पात्राला नव्हे, खेळाडूला.

७. गोष्टवाला

याला सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली गोष्ट हवी. पहिल्या रात्री सहज बोललेली बाब तिसऱ्या रात्री परत आली, की हा खूश. चौकीदार नेमका वाटाड्याच्या गावचा निघाला, तर याचे डोळे चमकतील. अडचण तेव्हा येते, जेव्हा हा बाकीच्यांना आपल्या डोक्यातल्या शेवटाकडे ओढू लागतो. "असं झालं तर भारी होईल" इथपर्यंत ठीक, "तू असं कर" हे नको.

८. गप्प

ही मंडळी मुळात सोबतीला आलेली असतात. भावंडं जमलीत, म्हणून आपणही बसलो. लॉज यांनी या तऱ्हेला वेगळी जागा दिली, हे महत्त्वाचं. गप्प बसणारा कंटाळलेलाच असतो असं नाही. त्याला धरून-बांधून भाषण करायला लावू नका. "तुला पत्र दिसलंय. लपवतेस की सांगतेस?" असा दोन पर्यायांचा सोपा प्रश्न विचारा. नकाशा काढणं किंवा गोणींचा हिशेब ठेवणं असं छोटं काम द्या. मोबाईल आपोआप खाली जातो.

मग गेम मास्टरने करायचं काय?

वरची यादी पाठ करायची गरज नाही. चार सवयी लावून घेतल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

पहिली, पाळी फिरवत राहा. दहा मिनिटांत एखाद्याचा आवाज ऐकू आला नसेल, तर त्याच्याकडे वळा. दुसरी, एकाच प्रसंगात दोन तऱ्हांना काम द्या. नाटकी चौकीदाराला गुंतवतेय, तोवर डोकेबाज पत्र हलवतोय, असं झालं की दोघं एकमेकांची अडचण न होता जोडीदार होतात. तिसरी, सरळ "नाही" म्हणण्याआधी "हो, पण" म्हणून बघा. "हो, तू तलवार उपसू शकतोस, पण समोर सहा जण आहेत आणि वैदू बाई त्यांच्या मधोमध उभी आहे." आता निर्णय त्याचा.

चौथी सवय सगळ्यात अवघड. माणसातला वाद गोष्टीत सोडवू नका. एखादा खेळाडू त्रास देतोय म्हणून त्याच्या पात्रावर दरोडेखोर सोडले, तर त्याला धडा मिळत नाही, तो फक्त आणखी चिडतो. खेळ पाच मिनिटं थांबवा, चहा ठेवा आणि बाजूला घेऊन सरळ बोला. "माझं पात्र असंच वागलं असतं ना" हे उत्तर हमखास येतं. त्यावर एवढंच सांगायचं, की पात्र तूच बनवलंयस. बाकीच्यांना सोबत घेऊन चालेल असं कारण त्याच्यासाठी शोधणंही तुझंच काम.

खेळाआधीची बैठक का महत्त्वाची?

जाणकार गट पहिल्या डावाआधी अर्धा तास नुसतं बोलतात. याला सेशन झिरो म्हणतात. प्रश्न साधे असतात. लढाई किती, गप्पा किती? हसतखेळत की गंभीर? पात्रं मेली तर चालतील? किती वाजता थांबायचं? आणि सर्वात महत्त्वाचं, गोष्टीत काय येऊ नये?

शेवटचा प्रश्न महाड-पोलादपुरात नुसता शिष्टाचाराचा नाही. पावसाळ्यातल्या घाटाची गोष्ट म्हटली, की गेम मास्टरला पहिली सुचते ती दरड. ऐकायला थरारक. पण २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही त्याच वेळी घाला पडला. महाड शहर पुरात बुडालं होतं. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहनांसकट वाहून गेला. सतरंजीवर बसलेल्या पाचांपैकी कुणाच्या घरात त्या दिवसांची आठवण आहे, हे गेम मास्टरला माहीत असेलच असं नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याच्यासाठी ती 'साहसकथा' नसते.

म्हणून दोन याद्या करायच्या. एक, जे गोष्टीत येणारच नाही. दुसरी, जे घडलं असं समजेल, पण त्याचं वर्णन होणार नाही. जॉन स्टॅव्हरोपोलोस यांनी रुळवलेली आणखी एक सोपी युक्ती म्हणजे एक्स-कार्ड. फुली मारलेला एक कागद मध्ये ठेवायचा. कुणालाही काही नकोसं झालं, की त्याने त्यावर बोट ठेवायचं. तो भाग तिथेच सोडून पुढे जायचं. कारण विचारायचं नाही.

इतिहासातली गोष्ट असेल, तर आणखी तीन बाबी आधीच बोलून घ्याव्यात. जावळीच्या मोऱ्यांना गोष्टीत सरसकट खलनायक करण्याआधी आठवावं, की मोरे आडनावाची घरं आजही या भागात आहेत. कदाचित तुमच्या डावातच एखादा मोरे असेल. म्हणूनच चौकीदाराला तापाने आजारी मुलगी देणं हे नाटकीपुरतं नसतं, त्याने समोरचा माणूस म्हणून दिसतो. दुसरं, महाराजांचं पात्र कुणी खेळायचं, हा वाद टाळायचा सोपा मार्ग म्हणजे सगळ्यांनी साधी माणसं खेळणं. तिसरं, पाणवठा. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या गावात चवदार तळ्याचं पाणी प्राशन करून सत्याग्रह केला, ते हेच महाड. त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधीच्या काळातली गोष्ट सांगताना कोण कुठल्या विहिरीवर जाऊ शकतं, हा प्रश्न येणारच. तो गोष्टीत घ्यायचा की बाजूला ठेवायचा, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं. गंमत म्हणून तो कुणाच्या अंगावर येता कामा नये.

आणि तरीही जमलं नाही तर?

कधी कधी खरंच जमत नाही. तिघांना लढाई हवी, दोघांना नाटक. मुंबई-पुण्यात अशा वेळी दुसरा गट शोधता येतो. बोर्ड गेम कॅफे आहेत, ऑनलाइन डाव आहेत. गावात मात्र गट तोच. पाचातला एक उठला, तर खेळच संपला आणि तो परत जमणार थेट शिमग्याला.

त्यामुळे इथे बेत लहान ठेवलेला बरा. महिनोन्महिने चालणाऱ्या मोठ्या गोष्टीऐवजी एका रात्रीत संपणारी गोष्ट घ्या. आज लढाईची, उद्या गप्पांची. गेम मास्टरही बदला, कारण जो कायम तक्रार करतो, त्याला एकदा गोष्ट सांगायला बसवलं, की समोरच्या पाच जणांना खेळवणं किती कठीण असतं ते त्याचं त्यालाच कळतं. आणि एखाद्याला हा खेळ आवडलाच नाही, तर त्याला मोकळं सोडा. खेळ सोडला म्हणून नातं सुटत नाही.

डाव संपला की फासे गोळा करताना प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे. आज काय आवडलं? पुढच्या वेळी काय हवं? यातून मिळणारी उत्तरं कुठल्याही पुस्तकातल्या यादीपेक्षा उपयोगी असतात, कारण ती तुमच्याच सतरंजीवरची असतात.

ताईने त्या पहिल्या रात्री हे दोन प्रश्न विचारले असते, तर पाचवी कदाचित म्हणाली असती, "मला ते पत्र कुणाचं होतं, ते जाणून घ्यायचंय." आणि दुसऱ्या रात्री पत्त्यांचा कॅट कपाटातच राहिला असता.